ड्रायव्हर आणि म्होरक्या, दोघांना एकच माप?

गांजा पकडल्याची बातमी टाकली की खाली कमेंट ठरलेली : "सगळ्यांना फाशी द्या." राग समजतो. पण या 'सगळ्यांत' कोण कोण असतं, ते एकदा बघूया.

२० किलोपेक्षा जास्त गांजा म्हणजे 'व्यावसायिक मात्रा'. शिक्षा किमान १० वर्षं, कमाल २०, वर लाखाच्या पुढे दंड. एनडीपीएस कायद्याचं कलम २९ सांगतं, कटात सामील असलेल्यालाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. माल कुणाचा, पैसा कुणी लावला, भाड्यासाठी गाडी कुणी चालवली, यातल्या कशानेही ती १० वर्षं कमी होत नाहीत.

मग हायकोर्टात अपील करून काय मिळतं? भूमिका छोटी होती एवढाच मुद्दा असेल, तर फार तर १५ ची १० होतील. १० ची ५ नाही. तेही नक्की नाही. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे पंजाबातलं प्रकरण होतं. एक किलो हेरॉइन, १५ वर्षं शिक्षा. आरोपीचं म्हणणं, मी गरीब, फक्त माल वाहणारा. कोर्टाने मालाचं प्रमाण बघितलं, व्यावसायिक मात्रेच्या चौपट, आणि अपील फेटाळलं.

कोर्टाला दोष देत नाही. कायदाच तसा लिहिलाय. कलम ३२-ब मध्ये शिक्षा वाढवायची कारणं दिली आहेत : शस्त्र, सरकारी पद, अल्पवयीन मुलांचा वापर. कमी करायचं एकही नाही. अमेरिकेत किमान शिक्षेचे कडक कायदे आहेत, तरी तिथल्या केंद्रीय शिक्षा-नियमावलीत कटातल्या किरकोळ भूमिकेसाठी सवलत लिहून ठेवलीय.

"मग उद्या प्रत्येक जण म्हणेल, मी नुसता ड्रायव्हर!" म्हणू दे की. फोनचे रेकॉर्ड, बँकेचे व्यवहार तपासा. सिद्ध झालं नाही तर सवलत नाही. पण सिद्ध झालं तरी कोर्टाचे हात बांधलेलेच राहणार असतील, तर म्होरक्याचं फावतं. एक ड्रायव्हर आत गेला, त्याला दुसरा मिळतो.

संसदेने ३२-ब मध्ये हे दुसरं पारडं घालावं. आणि गाडी चालवणाऱ्या पोरांनो, अनोळखी माल भरू नका. 'मला माहीत नव्हतं' हे या कायद्यात तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.

तुम्हाला काय वाटतं? शिव्या सोडून लिहा.