उभी गाडी जपली जात नाही

आपल्या व्यवसायात जुन्या गाडीच्या कामाचा कस बहुतेक वेळा रंगावर आणि क्रोमवर ठरतो. स्पोर्ट्स कार असेल तर विचारायलाच नको. ती वर्ष-दीड वर्ष गॅरेजात राहते, सडलेला पत्रा कापला जातो, इंजिन खोलून पुन्हा बांधले जाते आणि एक दिवस गाडी झळाळत बाहेर पडते. पुढे मात्र ती वर्षातून दोन-तीन रॅलींपुरती निघते आणि उरलेले दिवस कापडाखाली उभी असते. गाडी जपली जाते आहे असे मालकाला वाटते आणि आपणही त्याला तसेच सांगतो. हा सल्ला आता तपासून घ्यायला हवा. ज्या गाड्या मुळात रोज चालवण्यासाठी आणि मोठ्या संख्येने बनल्या, ज्यांचे सुटे भाग आजही मिळतात, त्यांचे आयुष्य नियमित चालवल्याने वाढते, असे आमचे ठाम मत आहे. म्हणून रोजच्या वापरात टिकेल असे काम हाच आपल्या दुरुस्तीचा दर्जा मानला पाहिजे.

यासाठी सर्वांत सोयीचे उदाहरण एमजीबीचे. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात ही गाडी बनली. 1965 मध्ये तिच्या उघड्या टपाच्या रूपाला बंद टपाच्या जीटीची जोड मिळाली आणि एकूण उत्पादन पाच लाखांच्या पुढे गेले. तिच्यात नाजूक असे फार थोडे आहे. 1798 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, एसयूचे दोन कार्बोरेटर, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक, मागच्या अ‍ॅक्सलखाली साधे पाटे. इंग्लंडमध्ये ही गाडी आजही रोजच्या कामाला वापरणारे लोक आहेत, याचे कारण नुसती हौस नाही. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने 1988 पासून मूळ डायवर एमजीबीची नवी बॉडी काढायला सुरुवात केली आणि बारीकसारीक भागही सहज मिळत राहिले. आपल्याकडच्या मिस्त्रींना तर हे इंजिन परके नाही. बीएमसीच्या ज्या बी-सीरिज घराण्यातले ते आहे, त्याच घराण्यातले 1489 सीसीचे इंजिन आपल्या ॲम्बॅसेडरमध्ये अनेक वर्षे चालले. सरकारी कचेऱ्यांच्या ॲम्बॅसेडरचे टॅपेट ज्यांनी आवाजावरून बसवले, त्यांना एमजीबीचे हेड उघडताना पुस्तक शोधावे लागू नये.

आता उभ्या गाडीत काय घडते ते पाहू. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. गाडी चालती असो वा बंद, हे होतच राहते. पण चालत्या गाडीत पिस्टन सतत हलत असतात आणि ब्रेकमधला बिघाड पायाला लगेच कळतो. उभ्या गाडीत गंज मुकाट्याने व्हील सिलिंडर आणि कॅलिपरमध्ये बसतो आणि पहिल्या लांबच्या फेरीत ब्रेक धरून ठेवतो. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. कार्बोरेटरमधले पेट्रोल उडून जाते आणि जेटमध्ये चिकट गाळ उरतो. बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट जमते, ऑइल सील कडक होतात, टायर एकाच जागी चपटे होतात. यावर उपाय म्हणून दर रविवारी गाडी जागच्या जागी दहा मिनिटे चालू ठेवण्याची पद्धत रूढ आहे. आमच्या मते ती सर्वांत वाईट. इंजिनाची बरीच झीज थंड असताना सुरू करतानाच होते, आणि दहा मिनिटांत ऑइल पुरेसे तापत नाही. जळलेल्या पेट्रोलातून आलेले पाणी आणि आम्ल ऑइलमध्ये तसेच राहते; सायलेन्सरमध्ये साचलेले पाणी त्याला आतून खाते. आठवड्यातून तीन-चार वेळा सलग अर्धा-पाऊण तास चाललेल्या गाडीत यातले बहुतेक घडतच नाही.

रोज चालवल्याने भाग झिजतील, हा आक्षेप खरा आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. किंग पिन, बुश, ब्रेक लायनिंग, क्लच हे सारे झिजणारच. मात्र झीज मोजता येते. तिचा हिशेब किलोमीटरवर मांडता येतो आणि वेळेवर भाग बदलता येतो. गंजाचा आणि आखडलेल्या सिलांचा असा हिशेब मांडता येत नाही. एमजीबीच्या किंग पिनना दर 5,000 किलोमीटरच्या आसपास ग्रीस दिले तर ते वर्षानुवर्षे टिकतात. न दिले तर कमी चालूनही जातात. याच गाडीत दारांखालच्या सिलचा पत्रा नुसता शोभेचा नसून बॉडीचा भार तोलतो. तो आतून सडला आणि वर लांबी भरून रंग दिला, तर रॅलीच्या मैदानात कुणाला कळणार नाही, पण खड्ड्यांच्या रस्त्यावर दाराच्या फटी महिन्याभरात सांगू लागतील. रोजचा वापर आपले काम उघडे पाडतो. म्हणूनच तो आपल्या हिताचा आहे.

गाडी रोजच्या वापराला तयार करताना दोन गोष्टींकडे आपल्याकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. पहिली उष्णता. इंग्लंडच्या हवेत पुरणारा रेडिएटर पुण्या-मुंबईच्या सिग्नलवर पुरत नाही. त्यात एमजीबीचे दोन्ही कार्बोरेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वरच बसलेले असल्याने उभ्या गाडीत पेट्रोलची वाफ होते. रेडिएटरचा गाभा साफ किंवा नवा, थर्मोस्टॅटवर चालणारा विजेचा पंखा आणि मधली उष्णतारोधक पट्टी जागेवर, एवढे केले की हा त्रास बराच आटोक्यात येतो. पंखा आणि चांगले दिवे लावायचे तर विजेची बाजू भक्कम हवी. सुरुवातीच्या गाड्यांत डायनॅमो होता आणि सीटमागे 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. तिथे अल्टरनेटर आणि 12 व्होल्टची एक बॅटरी हा बदल परत फिरवता येतो आणि तो करावा.

दुसरी गोष्ट इंधनाची, आणि ती अधिक गंभीर आहे. शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे 2000 मध्ये बंद झाले, त्यामुळे हेडमध्ये कठीण व्हॉल्व्ह सीट बसवल्याशिवाय जुने इंजिन सतत वापरू नये, हे बहुतेकांना ठाऊक आहे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या मऊ करते, कॉर्कचे वायसर बिघडवते आणि पाणी ओढून घेते. गरम मॅनिफोल्डजवळ झिरपणारी नळी म्हणजे आगीचे निमंत्रण. त्यामुळे पंपापासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक नळी, प्रत्येक वायसर आणि फ्लोटची निडल इथेनॉलला टिकणारी असलीच पाहिजे; यात मालकाच्या काटकसरीचे ऐकू नये. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होते, म्हणून जेट खाली घेऊन किंवा निडल बदलून ते पुन्हा जुळवावे लागते. आणि हे पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने ठेवण्याजोगे नाही. उभ्या गाडीच्या विरोधात हा आणखी एक पुरावा.

सुरक्षितता आणि प्रदूषण या आक्षेपांवर मात्र आमचे उत्तर मर्यादा मान्य करणारे आहे. या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि ट्रकच्या चालकाला ती आरशात दिसेलच असे नाही. तीन टोकांचे पट्टे बसवावेत, टायरवरचे नक्षीकाम कितीही शाबूत असले तरी वय झालेले टायर टाकून द्यावेत. पण लहान मुलांना रोज शाळेत सोडण्यासाठी ही गाडी सुचवू नये. धुराचेही तसेच. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेले इंजिन दर किलोमीटरला नव्या गाडीपेक्षा खूपच जास्त धूर सोडते आणि लिटरला नऊ-दहा किलोमीटरच देते. अशा गाड्या संख्येने थोड्या आहेत हे उत्तर पुरेसे नाही. मिश्रण आणि टायमिंग अचूक ठेवणे आपल्या हातात आहे, आणि कोंडीतल्या प्रवासाला ही गाडी नेऊ नका हे सांगणेही. ब्रिटनने 2018 मध्ये 40 वर्षांवरील, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट दिली. ही सूट आम्हाला पटत नाही. जी गाडी रस्त्यावर येते तिचे ब्रेक कुणीतरी त्रयस्थाने पाहिलेच पाहिजेत.

राहतो कायदा. केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षे. मात्र अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. नियमित वापराला मनाई आहे. अनेक मालक मानाची पाटी म्हणून हा क्रमांक घेतात आणि मग पेचात पडतात. महाराष्ट्रात साध्या नोंदणीची खासगी पेट्रोल गाडी 15 वर्षांनंतरही तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी पुढे चालू ठेवता येते. ज्याला गाडी खरोखर चालवायची आहे त्याने साधी नोंदणीच टिकवावी.

तेव्हा वाचकांना एक विनंती. काम हाती घेताना जॉब कार्डावर गाडीची नोंदणी कोणत्या प्रकारची आहे आणि महिन्याला ती किती किलोमीटर चालणार आहे, हे रंगाच्या आधी लिहून घ्या. आणि साध्या नोंदणीची गाडी मालकाच्या हाती देण्यापूर्वी दुपारच्या उन्हात, रहदारीतून आणि घाटातून, निदान काही शे किलोमीटर स्वतः चालवून पाहा.