तासभर घर मोकळं करा

दहावी-बारावीचे निकाल लागले, की कित्येक घरांत तोंडं बंद होतात आणि दारं आपटू लागतात. मुलाला समुपदेशकाकडे न्यावं, तर ‘लोक काय म्हणतील’ आडवं येतं. तालुक्याच्या गावी तर समुपदेशक मिळायचीच मारामार. म्हणून १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही फोनवरून समुपदेशनाची सेवा आम्हाला मोलाची वाटते. १४४१६ हा क्रमांक फिरवा. मोफत, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. आईबापांनाही. खरं तर बरेचदा आधी त्यांनीच बोलायला हवं.

अडचण वेगळीच आहे. दोन खोल्यांच्या घरात पोरगं बोलणार कुठे? आजी पलंगावर, बाबा टीव्हीसमोर, आई ओट्याशी. कान सगळ्यांचे इकडेच. मग ते जिन्यात उभं राहून कुजबुजतं, शेजारचे काका आले की फोन कट. वर ‘काय बोललास रे?’ ही उलटतपासणी ठरलेली. समुपदेशन इथे फसतं आणि खापर फुटतं फोनवर.

जिवाला धोका दिसला, तर फोनवर विसंबू नका, थेट रुग्णालय गाठा. एरवी तासभर सगळ्यांनी बाहेर फेरफटका मारावा आणि परतल्यावर काहीही विचारू नये, एवढी पालकांना विनंती.