परदेशी पदवी, स्वदेशी कसोटी आणि क्ष-किरणशास्त्राची वाट

शाळेच्या स्मरणिकेत वैद्यकशास्त्राच्या एका शाखेविषयी लिहावे, हे काहींना प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु स्मरणिका ही जशी मागे वळून पाहण्याची जागा असते, तशीच येथून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या पुढच्या वाटेचा विचार करण्याचीही असते. बारावीनंतरच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की मावळातील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. शासकीय महाविद्यालयाची जागा थोडक्यात हुकलेली असते, खाजगी महाविद्यालयाचे शुल्क झेपणारे नसते, आणि अशा वेळी कोणी मध्यस्थ रशिया, जॉर्जिया, किरगिझस्तान अथवा कझाकस्तानचे नाव घेऊन दारात उभा राहतो. सहा वर्षांत मुलगा डॉक्टर होईल आणि पुढे रेडिओलॉजिस्ट होऊन सुखाने जगेल, असे चित्र तो रंगवतो. हे चित्र सर्वस्वी खोटे नाही, मात्र ते अपुरे आहे. अपुऱ्या चित्रावर विसंबून शेत विकले जाते, म्हणून हा विषय आम्ही येथे मांडत आहोत.

विद्येसाठी दूरदेशी जाणे आपल्या परंपरेला नवे नाही. विनयपिटकाच्या महावग्गात जीवक कोमारभच्चाची कथा आहे. राजगृहाचा हा तरुण तक्षशिलेला गेला आणि सात वर्षे वैद्यक शिकला. आचार्यांनी त्याच्या हाती कुदळ देऊन सांगितले की, तक्षशिलेच्या परिसरात योजनभर फिरून औषधी नसलेली वनस्पती शोधून आण. जीवक रिकाम्या हाताने परतला, आणि तेच त्याचे उत्तीर्ण होणे ठरले. परतीच्या वाटेवर साकेत नगरीत शिदोरी संपली. तेथील एका श्रेष्ठीची पत्नी सात वर्षे मस्तकरोगाने पीडित होती. नामवंत वैद्य थकले होते, तेथे हा तरुण काय करणार, अशी तिला शंका आली. गुण आल्याशिवाय काहीही देऊ नका, असे जीवकाने सांगितले आणि तिला बरे केले. पुढे तो बिंबिसार राजाचा व भिक्षुसंघाचा वैद्य झाला. या कथेत परदेशी शिकलेल्या वैद्याच्या दोन कसोट्या आहेत. एक गुरूने घेतलेली आणि दुसरी परतल्यावर रुग्णाने घेतलेली. दुसरीबद्दल जीवकाने तक्रार केली नाही. आम्हांस तोच आदर्श योग्य वाटतो.

महाराष्ट्रापुरते पाहिले, तरी आनंदीबाई जोशी यांनी 1886 साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली आणि कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. रखमाबाई लंडनमध्ये शिकल्या, ब्रुसेल्सची एम.डी. घेऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा करीत राहिल्या. स्वदेशातील दारे बंद होती म्हणून त्या बाहेर गेल्या. तेव्हा ‘परदेशात शिकलेला डॉक्टर तो कच्चाच’ असे सरसकट म्हणणाऱ्यांनी आपला इतिहास आठवावा.

आता आजच्या वाटेकडे वळू. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 18 नोव्हेंबर 2021 रोजी परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठी नियमावली जाहीर केली. त्यानंतर प्रवेश घेणाऱ्याचा अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो. त्याच परदेशी संस्थेत 12 महिन्यांची आंतरवासिता पूर्ण करावी लागते, आणि ती पदवी त्या देशात तेथील नागरिकांप्रमाणेच व्यवसायाचा परवाना मिळवून देणारी असावी लागते. यांपैकी एक अट जरी अपुरी राहिली, तरी मायदेशी परतल्यावर पदवी निरुपयोगी ठरू शकते. 2022 साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि हजारो भारतीय विद्यार्थी शिक्षण अर्धवट टाकून परतले. शिक्षण एका संस्थेत सुरू झाले आणि दुसरीकडे पुरे करावे लागले, तर किती गुंता होतो, हे तेव्हा साऱ्या देशाने पाहिले. म्हणून प्रवेशाची पावती फाडण्यापूर्वी ही नियमावली पालकांनी स्वतः वाचावी किंवा जाणत्याकडून वाचून घ्यावी. मध्यस्थाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

परतल्यानंतर पहिला उंबरठा असतो चाळणी परीक्षेचा, म्हणजे एफएमजीईचा. राष्ट्रीय परीक्षा मंडळ ती वर्षातून दोनदा घेते. तीत 300 प्रश्न असतात, उत्तीर्ण होण्यासाठी 150 गुण हवेत आणि चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. ऐकायला हे सोपे वाटते, पण अनेक सत्रांत उत्तीर्णांचे प्रमाण एक पंचमांशाच्या आसपास राहिलेले आहे. तीनशे गुणांत रेडिओडायग्नोसिसला केवळ 5 गुण आहेत. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राला 30, सामाजिक वैद्यकशास्त्राला 30, मेडिसिनला 33, शरीररचनाशास्त्राला 17. याचा अर्थ असा की, ज्याला उद्या क्ष-किरणतज्ज्ञ व्हायचे आहे, त्यालाही आधी संपूर्ण डॉक्टर व्हावे लागते. ही अट आम्हांस न्याय्य वाटते. छायाचित्रातील सावली वाचणाऱ्याला ती सावली कोणत्या अवयवाची आहे आणि रुग्णाला नेमके काय होत आहे, हे कळत नसेल, तर त्याचा अहवाल घातक ठरेल.

चाळणी ओलांडल्यावर येथे 12 महिन्यांची आंतरवासिता असते. आयोगाने 2022 साली दिलेल्या सूचनेनुसार महाविद्यालयांनी आपल्या मंजूर जागांच्या साडेसात टक्क्यांपर्यंत अशा पदवीधरांना सामावून घ्यावयाचे आणि त्यांना शासकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांइतके विद्यावेतन द्यावयाचे आहे. ही सूचना प्रत्येक ठिकाणी तंतोतंत पाळली जावी, असा आग्रह समाजाने धरला पाहिजे. तोच वॉर्ड, तीच रात्रपाळी आणि तेच सलाईन असताना विद्यावेतनात भेद करणे कोणत्याही तत्त्वात बसत नाही.

यानंतर नीट-पीजी. येथे परदेशी पदवीधरासाठी वेगळी यादी नाही. 200 प्रश्न, 800 गुण, चुकीला एक गुण वजा, आणि सर्वांची एकच गुणवत्ता यादी. अलीकडच्या वर्षांत अव्वल क्रमांकाचे विद्यार्थी ज्या शाखा प्रथम निवडतात, त्यांत रेडिओडायग्नोसिस अग्रभागी असते. त्यामुळे तिच्या शासकीय जागा यादीच्या अगदी वरच्या टप्प्यातच संपतात. अभिमत विद्यापीठांत जागा उरल्या, तरी तेथील शुल्क सामान्य कुटुंबाच्या स्वप्नातही मावणारे नसते. आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2025 रोजी तन्वी बहल खटल्यात पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांतील अधिवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले, मात्र स्वतःच्या संस्थेतील पदवीधरांना मर्यादित प्राधान्य देण्यास मुभा ठेवली. परदेशात शिकलेल्याला येथे ‘आपले महाविद्यालय’ नसते. म्हणून त्याचा मुख्य भर अखिल भारतीय कोट्यातील जागा, डीएनबीच्या जागा आणि एम्ससारख्या संस्थांसाठी होणारी आयएनआय-सीईटी यांवर असावा.

आपल्या समाजातील विद्यार्थ्यांना येथे एक घटनादत्त आधार आहे. 1990 साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला. अखिल भारतीय कोट्यात अनुसूचित जातींसाठी 15 टक्के जागा आहेत आणि पदवी परदेशातील असल्यामुळे हा हक्क हिरावला जात नाही. परंतु केंद्रीय नमुन्यातील जातीचा दाखला आणि राज्याच्या प्रक्रियेसाठी जातवैधता प्रमाणपत्र ही कागदपत्रे विद्यार्थी परदेशी जाण्यापूर्वीच तयार असावीत. बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हक्क एका दाखल्याच्या अभावी वाया जाऊ नये.

एम.डी.ची जागा मिळाली नाही म्हणजे वाट संपली, असेही नाही. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची तीन वर्षांची डीएनबी पदवी आहे. दोन वर्षांची पदविका आहे आणि पदविकेनंतर डीएनबीकडे जाण्याचा मार्ग आहे. 2014 च्या नियमांनुसार एमबीबीएस डॉक्टरला सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन पोटाच्या व ओटीपोटाच्या सोनोग्राफीची पात्रता मिळवता येते. तालुक्याच्या रुग्णालयात तेही मोठे काम आहे. ज्यांना अमेरिकेस अथवा इंग्लंडला जायचे आहे, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, पुण्याच्या बी. जे. महाविद्यालयाचा पदवीधरही तेथे ‘परदेशी पदवीधर’च असतो आणि त्यालाही तेथील परीक्षा द्याव्या लागतात. हे बिरुद माणसाच्या गुणवत्तेचे नाही, त्याने ओलांडलेल्या सीमेचे आहे.

आता आमचे मत स्पष्टपणे मांडतो. चाळणी परीक्षा रद्द करा, ती गरिबांच्या मुलांना अडवण्यासाठी आहे, अशी मागणी अधूनमधून होते. आम्ही तिच्याशी सहमत नाही. चुकीच्या निदानाचा पहिला बळी गरीब रुग्णच असतो, कारण दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्याइतके पैसे त्याच्यापाशी नसतात. कसोटी हवीच. मात्र ती सर्वांना एक हवी. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात देशात व परदेशात शिकलेल्या सर्वांसाठी ‘नेक्स्ट’ या सामाईक परीक्षेची तरतूद आहे. 2023 साली ती पुढे ढकलण्यात आली. अवाढव्य शुल्क भरून देशातच शिकलेला पदवीधर आणि कमी शुल्कात परदेशी शिकलेला पदवीधर एकाच तराजूत तोलले गेले, तर कच्चा कोण आणि पक्का कोण, हे देशाच्या नावावरून ठरवण्याची सवय मोडेल. तोपर्यंत निदान चाळणी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरे परीक्षेनंतर खुली करावीत. आपण कोठे चुकलो, हे न कळता पुन्हा पुन्हा परीक्षेस बसणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय.

दुसरे मत आर्थिक बाजूविषयी आहे. परदेशातील सुमारे सहा वर्षे, चाळणी परीक्षेची तयारी, येथील आंतरवासितेचे एक वर्ष, नीट-पीजीच्या तयारीचे किमान एक वर्ष आणि प्रशिक्षणाची तीन वर्षे, असा हिशेब केला तर सारे सुरळीत पार पडूनही अकरा-बारा वर्षे लागतात. मध्यस्थ मात्र पहिल्या सहा वर्षांचाच खर्च सांगतो. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदवीपूर्व शिक्षणाला लागू नाही, म्हणजे हा भार कर्जावर किंवा जमिनीवर पडतो. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 साली खुद्द बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले होते. सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून, पैसा साठवून आणि शाहू महाराज व स्नेही नवल भथेना यांच्या साहाय्याने ते 1920 साली पुन्हा गेले व 1923 साली डी.एस्सी. झाले. त्यांच्या चिकाटीचे आपण गुणगान करतो, ते योग्यच आहे. पण प्रत्येक मुलावर तशी अग्निपरीक्षा ओढवू नये, हे पाहणे समाजाचे काम आहे.

तिसरे मत शाखेच्या निवडीविषयी. रात्रीची धावपळ कमी आणि उत्पन्न अधिक, म्हणून रेडिओलॉजी निवडावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. आमच्या दृष्टीने याहून मोठे कारण कुसगावच्या परिसरातच आहे. द्रुतगती मार्गावर अपघात झाला आणि डोक्यास मार लागला, तर सीटी स्कॅन होऊन तो वेळेत वाचला जाणे यावर जीव अवलंबून असतो. पवन मावळातील एखाद्या वस्तीवरच्या गरोदर स्त्रीला गर्भाची स्थिती वेळेवर कळणे यावर दोन जीव अवलंबून असतात. 8 नोव्हेंबर 1895 रोजी राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्यांनी त्याचे पेटंट घेतले नाही आणि नोबेल पारितोषिकाची रक्कम आपल्या विद्यापीठास दिली. ज्या विद्येचा उगम असा निर्लोभ आहे, ती विद्या घेणाऱ्याने निदान काही वर्षे तालुक्याच्या रुग्णालयास द्यावीत, ही अपेक्षा अवाजवी नाही.

शेवटी, आपल्या संस्थेकडून आणि माजी विद्यार्थ्यांकडून आमची अपेक्षा. अकरावी-बारावीच्या मुलांना व त्यांच्या पालकांना या साऱ्या वाटेची माहिती देणारा एक दिवस दरवर्षी ठेवावा आणि त्या दिवशी परदेशात शिकून परतलेल्या डॉक्टरांनीच बोलावे. यशस्वी झालेल्यांनी बोलावे, तसेच चाळणी परीक्षेत अडकलेल्यांनीही बोलावे. परतलेल्या पदवीधरांसाठी चाळणी परीक्षेचे निवासी मार्गदर्शन बार्टीसारख्या संस्थेने सुरू करावे, यासाठी आपण एकत्रितपणे निवेदन द्यावे. आणि माजी विद्यार्थ्यांनी एक निधी उभारावा, जो पहिल्या सहा वर्षांसाठी नसून परतल्यानंतरच्या दोन कठीण वर्षांसाठी असेल, कारण घरचा पैसा नेमका तेव्हा संपलेला असतो.

निधी कोणी एका धनिकाने उभारावा, असे नाही. येथून जवळच कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तंभांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. एका स्तंभाचा दाता एक, दुसऱ्याचा दुसरा. त्यांत धेनुकाकट येथील अनेकजण आहेत, आणि यवन म्हणून नोंदलेले दातेही आहेत. अशा अनेकांच्या एकेका स्तंभावर ते चैत्यगृह दोन हजार वर्षे उभे आहे. आपल्या मुलांची वाटही त्याच रीतीने बांधता येईल.