मशीन एकवीस दिवसांचं, पुढचे दोन महिने कुणाचे?



सध्या मोबाईलवर अंडी उबवायच्या मशीनच्या जाहिराती सारख्या येतायत. पन्नास अंड्यांचं, शंभर अंड्यांचं, आपोआप अंडी फिरवणारं. एकविसाव्या दिवशी ट्रेमधी पिवळी पिल्लं चिवचिवताना दाखवतात आणि व्हिडिओ तिथंच संपतो. माझं म्हणणं तिथनं पुढचं आहे. घरोघरी मशीन घ्यायची जी टूम गावाकडं निघालीय ती मला पटत नाही.

आधी मशीनच्या बाजूनं बोलतो, नाहीतर म्हणाल म्हातारं नव्याला नाकं मुरडतंय. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. बारा-पंधरा अंडी झाली की खुडूक होते, एकवीस दिवस बसते आणि मग दोन-अडीच महिने पिल्लं घेऊन हिंडते. तेवढा काळ अंडं बंद. तिची अंडी मशीनमधी घातली आणि खुडूक मोडली तर ती थोड्या दिवसांत परत अंड्यावर येते. मशीनचा खरा फायदा हा.

पण कोंबडीचे वाचलेले तीन महिने गेले कुठं? पिल्लांना ऊब देणं, खायला शिकवणं, घार दिसली की पंखाखाली घेणं, ही कामं काही कमी झाली नाहीत. ती घरातल्या बाईच्या अंगावर आली. पहाटे धार, मग चूल, दिवसभर भांगलण, आणि रात्री दोनला उठून बल्ब चालू आहे का बघायचं. मशीन घेताना तिला विचारणारे किती? आणखी एक गोष्ट. अंड्या-कोंबडीचे पैसे आपल्याकडं बाईच्या हातातले. पोरांच्या वह्या, दवाखाना त्यातनं निघतो. दारात मशीन आलं की त्याचा 'धंदा' होतो, आणि धंद्याचे पैसे कुणाच्या खिशात जातात ते तुम्हाला सांगायला नको.

मशीनचं गणित तसं सरळ आहे. आत पंखा असेल तर तापमान साडेसदतीस अंश. ओलावा पहिले अठरा दिवस 50 ते 55 टक्के, शेवटचे तीन दिवस 65 ते 70. अंडं रुंद टोक वर करून ठेवायचं, दिवसातनं निदान तीन-चार वेळा फिरवायचं, अठराव्या दिवसानंतर फिरवणं बंद. सातव्या दिवशी अंधारात बॅटरी लावून बघायचं, लाल शिरांचं जाळं दिसलं नाही ते अंडं बाजूला काढायचं. लाईट तास-दोन तास गेली तर लोक घाबरतात. अहो, कोंबडीसुद्धा रोज दाणा-पाण्याला उठतेच की. थंडीपेक्षा उष्णता वाईट. चाळीस अंशाच्या पुढं गेलं की आतला जीव गेला. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत मशीन ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. या मशीनला गरम करता येतं, गार करता येत नाही. अंडी गोळा करतानाही तेच. ऊन्हाळ्यात फडताळात आठ-दहा दिवस ठेवलेल्या अंड्यात जीव अर्धवट धरतो आणि मरतो. माठात ओल्या वाळूवर ठेवा आणि आठवड्याच्या आत लावा.

आणि अंडी कुठली लावताय? दुकानातली पांढरी लावून काही निघणार नाही, तिथं कोंबड्यांत नरच नसतो. वनराजा-गिरिराजाची घरची अंडी लावणारेही बरेच आहेत. त्या संकर केलेल्या जाती आहेत, त्यांच्या पुढच्या पिढीत आई-बापाचे गुण तसेच उतरत नाहीत. ती पिल्लं हवी असतील तर सरकारी उबवणी केंद्रातनं आणलेली बरी. आपल्या मशीनला आपली गावठीच, आणि आठ-दहा माद्यांमागं एक जोमदार कोंबडा.

आता पिल्लं निघाल्यावरचं. अंड्याला चीर पडली की झाकण उघडून बघायचा मोह होतो. उघडू नका. ओलावा जातो, आतला पापुद्रा वाळतो आणि पिल्लू त्यातच चिकटतं. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस निघतं, अंग वाळून फुललं की मग काढा. पहिल्या आठवड्यात 35 अंश ऊब लागते, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसला तर पिल्लं सांगतात. बल्बखाली ढीग करून ओरडतायत म्हणजे गार पडतंय, चोच उघडी टाकून कडेला पळतायत म्हणजे तापलंय, सगळीकडं पांगून चरतायत म्हणजे बरोबर. बल्ब जुन्या तारेचाच पाहिजे. एलईडी लावून उजेड पडेल, ऊब कुठनं येणार? नुसत्या गुळगुळीत कागदावर पिल्लं ठेवली तर पाय फाकतात, खाली साळीचं तूस दोन इंच टाका. पाण्याच्या ताटलीत खडे घाला, नाहीतर त्यात पडून भिजतात आणि गारठून मरतात. तूस ओलं राहिलं की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रक्ती हगवण आलीच म्हणून समजा.

सगळ्यात जास्त नडते ती लस. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा डोळ्यात एक थेंब, चौदाव्या दिवशी गंबोरो, अठ्ठाविसाव्याला परत लासोटा, दोन महिन्यांच्या आसपास आर टू बी. यातली लासोटा आणि आर टू बी मानमोडीवरची. आता बाटली येते शंभर डोसची नाहीतर त्याहून मोठी, बर्फात आणावी लागते, आणि फोडली की दोन तासांत संपवायची. तीस पिल्लांसाठी कोण आणतो? कोणी नाही. मग मानमोडी येते आणि पिल्लांबरोबर शेजारच्या खुराड्यातल्या कोंबड्याही घेऊन जाते.

म्हणून माझं मत असं की मशीन गावात एक असावं, बचत गटाचं, आणि ते बायकांच्याच ताब्यात. पाच-सहा घरांची अंडी एकाच तारखेला लावायची म्हणजे पिल्लं एका दिवशी निघतात, एक बाटली सगळ्यांना पुरते, पशुवैद्यकाला एकच फेरा पडतो. एका इन्व्हर्टरवर भागतं. मशीनवाला "पिल्लं आम्हीच विकत घेऊ" म्हणाला तर तिथनं उठा. 2019 ला कडकनाथच्या नावाखाली सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडं काय झालं ते आठवतंय ना?

आणि सगळ्याच कोंबड्यांची खुडूक मोडू नका. मशीन लावताना दोन चांगल्या खुडूक कोंबड्या चार-पाच अंड्यांवर बसवून ठेवा. एकविसाव्या दिवशी त्यांचीही निघतात. त्याच रात्री अंधारात मशीनमधली एक दिवसाची पिल्लं हळूच त्यांच्या पोटाखाली सारायची. थंडीत एकीला बारा, ऊन्हाळ्यात पंधरा. सकाळी ती आपलीच म्हणून घेऊन बाहेर पडते. उजेडात घातली तर चोची मारते. आणि पिल्लं दोन-तीन दिवसांची झाली असली तर रात्री घालूनही उपयोग नाही, तीच तिच्याजवळ थांबत नाहीत.