पुराचे सुंदर फोटो

आपल्याकडे पूर म्हटला की आषाढ-श्रावण आठवतो. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात मात्र तो बहुधा ऐन थंडीत येतो. यॉर्कशायरच्या डोंगरांत पाऊस कोसळतो, कधी साचलेले बर्फ वितळते आणि स्वेल, यूर, निड या नद्यांचे पाणी ऊझ नदीत उतरते. मग रोमनांनी इ. स. ७१ मध्ये वसवलेल्या या शहराच्या पायऱ्या नदी चढू लागते. पाण्यामागोमाग येतात कॅमेरेवाले!

आणि दर हिवाळ्यात फोटो तोच. किंग्ज स्टेथचा घाट, त्यावरचे ‘किंग्ज आर्म्स’ हे जुने मद्यगृह (गोव्यात आपण ज्याला तावेर्न म्हणतो ते), संध्याकाळचे निळे आभाळ, पाण्यात दिव्यांची प्रतिबिंबे. कॅमेरा तिपाईवर ठेवून शटर पंधरा-वीस सेकंद उघडे ठेवले की ओंडके वाहून नेणारे गढूळ पाणी रेशमी दिसू लागते. तिकडे राहणारी आपली मंडळीही असे फोटो हौसेने पाठवतात, आणि आपण ‘वा!’ म्हणतो.

माझे भांडण सौंदर्याशी नाही, त्या फोटोने होणाऱ्या दिशाभुलीशी आहे. हे मद्यगृह वर्षातून अनेकदा पाण्यात जाते. त्याच्या दाराजवळ जुन्या पुरांची उंची दाखवणारी फळीच आहे. पूर त्याच्या अंगवळणी पडला आहे. यॉर्कचा खरा घात झाला तो दुसरीकडे.

फॉस ही छोटी नदी शहरातच ऊझला मिळते. ऊझ फुगली की तिचे पाणी फॉसमध्ये उलटे शिरते. ते अडवायला संगमाजवळ १९८७ मध्ये मोठे दार बांधले गेले. दार बंद केल्यावर मागे तुंबणारे फॉसचे पाणी पंपांनी उचलून ऊझमध्ये टाकायचे, अशी ही व्यवस्था. २६ डिसेंबर २०१५ रोजी फॉसला एवढे पाणी आले की ते पंपघरातच शिरू लागले. वीज गेली तर दार बंदच अडकून बसेल, या भीतीने ते वर उचलावे लागले. शहरात ६०० हून अधिक घरे-दुकाने बुडाली. त्यांतली बरीच फॉसच्या अंगाला, हंटिंग्टन रोडसारख्या साध्या वस्तीत होती.

आता गंमत पाहा. त्या वेळी ऊझ नेहमीच्या उन्हाळी पातळीच्या ५.२ मीटर वर गेली होती. नोव्हेंबर २००० मध्ये ती त्याहूनही उंच, ५.४ मीटर चढली होती; पण तेव्हा दार आणि पंप टिकले होते. घाटावरचे दोन्ही वर्षांचे फोटो शेजारी ठेवा, कोणत्या वर्षी फॉसकाठचा संसार वाहून गेला हे सांगता येईल? मग तो फोटो पुराचा कसा? तो नुसत्या पाण्याचा!

कुणी म्हणेल, लोकांच्या दुःखात कॅमेरा नकोच. मला हेही पटत नाही. फोटो काढलेच पाहिजेत. पाण्याची कड कुठवर आली हे दाखवणारा, तारीख-वेळ-ठिकाण लिहिलेला साधा फोटो पूररेषेचे नकाशे तपासणाऱ्या अभियंत्याला उपयोगी पडतो. त्यासाठी चौकटीत उंबरठा, पायरी किंवा पुलाचा खांब हवा. रेशमी पाणी नको. आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा जायला हवे. फुगलेली जमीन, भिंतीवरची चिखलाची रेघ, रस्त्यावर काढून ठेवलेल्या गाद्या... घरच्यांना विचारून, त्यांनी होकार दिला तरच, हेही टिपायला हवे.

पुढे तिथले पंप वाढवले गेले, विजेची यंत्रणा उंचावर नेली गेली. त्या पंपघराचा फोटो मात्र भिंतीवर कुणी लावत नाही. सुंदर नाही ना ते!