अर्ज केला, पण लिहून कुठे ठेवलं?

सकाळी गडबच्या थांब्यावर उभं राहिलं की कोण कुठे कामाला जातो ते कळतं. कुणी जवळच डोलवीच्या पोलाद कारखान्यात, कुणी नागोठण्याला, कुणी रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत. आणि त्याच थांब्यावर प्लास्टिकच्या फाइलमध्ये कागद घेऊन उभी असलेली मुलंही दिसतात. ती अजून कुठेच जात नसतात.

माझा भाचा त्यातलाच. आयटीआय, फिटर. गेल्या पावसाळ्यात त्याला फोन आला, "तुम्ही अर्ज केला होता, उद्या कागद घेऊन या." त्याने विचारलं, "कुठली कंपनी?" समोरच्याने फोन ठेवला. परत लावला तर उचलला नाही. संध्याकाळी मला म्हणाला, "मामू, मला आठवेचना. एवढ्या ठिकाणी दिलेत."

किती ठिकाणी, ते विचारलं. "चाळीस-पन्नास असतील." आम्ही मोबाइल, ई-मेल, फाइल सगळं पुढ्यात घेऊन बसलो. दोन तासांत एकोणीस अर्जांचा माग लागला. त्यातल्या सहांवर त्याचा जुना नंबर होता. रिचार्ज संपला म्हणून ते सिम त्याने टाकून दिलं होतं. ई-मेल सायबरवाल्याने काढून दिलेला, पासवर्ड सायबरवाल्याकडेच. काही अर्जांत नाव 'शेख', काहींत 'शेक', दहावीच्या दाखल्यावर 'मोहम्मद', आधारवर नुसतं 'मोहं.'. उरलेले वीस-तीस अर्ज नक्की केले होते की करायचे राहिले होते, हे तो स्वतःही सांगू शकला नाही.

आपल्या मोहल्ल्यात नोकरीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास येतात. वशिला लागतो, हे एक. आपलं नाव बघूनच बाजूला ठेवतात, हे दुसरं. दोन्ही खोटी नाहीत. दुसऱ्याला तर अभ्यासाचा आधार आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखंच, फरक नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नाव, दलित नाव, मुस्लिम नाव. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत बोलावणं येण्याच्या शक्यतेचं प्रमाण दलित नावाला ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ निघालं.

हा अभ्यास आपण भाषणांत सांगतो. पण तो झाला कसा, तिकडे लक्ष देत नाही. कोणत्या जाहिरातीला कोणत्या नावाने कधी अर्ज गेला आणि उत्तर आलं की नाही, हे अर्जागणिक लिहून ठेवलं होतं. ती नोंद नसती तर तेही 'असं म्हणतात बुवा' एवढंच राहिलं असतं. माझ्या भाच्याचा एखादा अर्ज नावामुळे मागे पडला असेलही. पण बंद पडलेल्या नंबरवर त्याला कोण बोलावणार होतं? दोन्ही गोष्टी एकमेकींत अशा मिसळल्या आहेत की अन्याय कुठे झाला आणि चूक कुठे झाली, हे आपलं आपल्यालाच कळत नाही. नंबर बरोबर, कागद पुरे, मुदतीत अर्ज, तरीही वीसपैकी वीस ठिकाणी शांतता, असं वहीत दिसलं तर तक्रारीला बसायला जागा मिळते.

कुणी म्हणेल, ही शहरातली थेरं, इथे काम ओळखीने लागतं. मान्य आहे. ठेकेदाराचा माणूस, सुपरवायझर, गावातला कुणी, "बायोडाटा देऊन ठेव" म्हणतो. मग ती ओळख तरी लिहून ठेवतो का? कोणाला कधी भेटलो, तो कोणत्या ठेकेदाराकडे, काय म्हणाला, परत कधी विचारायचं, त्याच्याकडे कोणती झेरॉक्स दिली. अस्सल कागद तर कुणाच्याच हाती ठेवायचा नाही. ठेकेदार बदलला की पीएफचा यूएएन नंबर बदलत नाही, तोही याच वहीत हवा. नाहीतर प्रत्येक नव्या ठेकेदाराकडे नवं खातं निघतं आणि जुने पैसे अडकतात. आणखी एक, ज्याने शब्द टाकला त्याला पुढे काय झालं ते कळवायचं, काम लागलं तरी आणि नाही लागलं तरी. आपली मुलं हे करत नाहीत, मग तोच माणूस पुढच्या मुलासाठी तोंड उघडत नाही.

आखाताच्या बाबतीत तर ही वही ढाल आहे. एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, त्याचा परवाना क्रमांक काय, पासपोर्ट कुठल्या तारखेला कोणाच्या हातात दिला, पैसे किती आणि पावती कुठे. नियमाने एजंटला कमाल ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. त्याच्या दुप्पट-तिप्पट देऊन बसलेल्या माणसाकडे पावती विचारली की तो आभाळाकडे बघतो.

लिहायची सवय आपल्याकडे नव्हतीच असंही नाही. कोकणातले कितीतरी मुसलमान जहाजावर गेले. त्या पिढीकडे सीडीसीचं पुस्तक असायचं. जहाजाचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, हुद्दा, वागणुकीचा शेरा, सगळं त्यात. ते पुस्तक घरात पैशांपेक्षा जपून ठेवलं जाई, कारण पुढचं जहाज त्याच्यावर मिळायचं.

मुलींचं दुखणं वेगळं आहे. पदवी घेतलेली मुलगी अर्जावर अब्बांचा नंबर देते, अब्बा कामावर, फोन कुणी घेत नाही, घेतला तर निरोप पोचत नाही. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर तिचा स्वतःचा नंबर हवा. यावर घरात वाद होणार, तर होऊ दे.

आणि नजर लागेल म्हणून अर्जाचं कुणाला सांगायचंच नाही, ही आपली जुनी खोड. त्यामुळे एकाच इमारतीतली तीन मुलं एकाच ठेकेदाराकडे एकमेकांना न सांगता खेपा घालतात. जमातीने महिन्यातला एक रविवार यासाठी द्यावा. कुठे जागा निघाल्या, कोण खरा, कोण पैसे मागतो, याची एक सामाईक नोंद ठेवावी. मुलांचे नंबर आणि आधार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकण्याचा उद्योग मात्र करू नये. आणि आगरी वाड्यातल्या मुलांनाही बोलवावं. बस एकच आहे, ठेकेदारही तेच आहेत.

भाच्याने दहा रुपयांची वही घेतली. तारीख, कंपनी, पद, कोणामार्फत, कोणता नंबर दिला, कोणते कागद दिले, पुढे काय. दोन महिन्यांत तेवीस नोंदी झाल्या. बोलावणी चार आली, त्यातलं एक शिकाऊ उमेदवारीचं. अकरा ठिकाणांहून काहीच नाही, त्यांच्यापुढे त्याने लाल शाईने फोनची तारीख घातली आहे. पहिली येत्या मंगळवारची आहे.