होकाराचे मोल

वसईच्या बाजूला एका कॅथलिक संस्थेच्या माध्यमिक शाळेत मराठी शिकविण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. मी स्वतः ख्रिस्ती नव्हतो. सकाळच्या प्रार्थनेला आदराने उभा राहत असे, पण जे शब्द माझे नव्हते ते उच्चारीत नसे, आणि याबद्दल फादरांनी वा सिस्टरांनी मला कधी एका अक्षराने विचारले नाही. मुलांच्या बाबतीत तर ही मोकळीक वेळापत्रकातच नमूद होती : कॅथलिक मुले धर्मशिक्षणाच्या तासाला बसत, आणि बाकीची त्याच वेळी नीतिशिक्षणासाठी शेजारच्या वर्गात जात.

ही केवळ संस्थाचालकांची मेहेरबानी होती असे मात्र नव्हे. ज्या संविधानाच्या ३०व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा काढण्याचा आणि चालविण्याचा हक्क दिला, त्याच संविधानाच्या २८व्या अनुच्छेदाने सरकारमान्य अथवा अनुदानित शाळेत धर्मशिक्षणाची वा उपासनेची सक्ती करण्यास मनाई केली आहे. त्यासाठी संमती लागते, आणि विद्यार्थी अज्ञान असल्यास ती त्याच्या पालकाची लागते. पुढे १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही धर्माच्या बाबतीत कोणाही माणसाला त्याच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागावयास लावू नये असे जाहीर केले, आणि ज्या कॅथलिक शाळांत अन्यधर्मीय मुलेही शिकतात त्या चर्चला विशेष प्रिय आहेत, असे आपल्या शिक्षणविषयक घोषणापत्रात आवर्जून नोंदविले.

परंतु या सर्व तरतुदींचा लाभ मुख्यतः माझ्यासारख्या परक्याला होतो, हे माझ्या ध्यानात आले ते नववीतल्या एका कॅथलिक मुलामुळे. दृढीकरण संस्कारासाठी बिशप यावयाचे होते, घरी नवे कपडे शिवून झाले होते, नातलगांना आमंत्रणे गेली होती, आणि अशा वेळी तो शाळा सुटल्यावर मला गाठून म्हणाला, "सर, माझं मन अजून होत नाही. तरी सगळ्यांबरोबर हो म्हणून टाकू का?" हा प्रश्न त्याने धर्मशिक्षणाच्या बाईंना न विचारता मला विचारला, यातच त्याची अडचण स्पष्ट होती. जेथे शाळेचे मुख्याध्यापक असलेले फादरच रविवारी मिस्सा अर्पण करतात, वर्गशिक्षिका शेजारच्याच वाडीत राहतात आणि शाळा व धर्मग्राम यांत माणसे तीच ती असतात, तेथे मुलाने वर्गात काढलेली शंका संध्याकाळच्या जेवणाआधी घरी पोचते. कायदाही त्याच्या कामाचा नव्हता, कारण कायद्याला हवी असलेली पालकाची संमती केव्हाच मिळालेली होती. त्याची स्वतःची संमती कोणत्याही दप्तरात मागितलेली नव्हती.

ती मागितली होती फक्त त्या संस्काराने. बालपणीच्या स्नानसंस्कारात त्याच्या वतीने इतरांनी दिलेली वचने या वेळी त्याने आपल्या तोंडाने पुन्हा उच्चारावीत, असाच या विधीचा आशय असतो. म्हणजे ज्या घटकेला चर्च मुलाला त्याचा स्वतःचा आवाज मागते, नेमक्या त्याच घटकेला भोवतालचा समाज तो आवाज गृहीत धरतो. मी त्याला फादरांकडे जाण्यास सांगितले. फादरांनी त्याचे सारे ऐकून घेतले आणि "पुढच्या खेपेला पाहू" एवढेच म्हणून त्याचे नाव यादीतून काढले. वाडीत मात्र मास्तरांनी पोर बिघडवले अशी चर्चा झाली, आणि त्याच्या आईने काही काळ माझ्याशी बोलणे टाकले. तिचा राग मला अनाठायी वाटला नाही; तिला मुलाच्या श्रद्धेइतकीच चार माणसांतल्या आपल्या मानाची काळजी होती, आणि ती काळजी कोणत्या धर्माच्या आईला नसते?

ज्यांना हा शंकेखोरपणा चर्चच्या शिस्तीशी विसंगत वाटतो, त्यांनी कार्डिनल न्यूमन यांचे चरित्र पाहावे. आतल्या आवाजाशी इमान राखण्यासाठी त्यांनी १८४५ साली इंग्लंडचे प्रस्थापित चर्च सोडले, आणि त्यापायी ऑक्सफर्डमधला जन्माचा स्नेहपरिवार दुरावू दिला. पुढे १८७५ मध्ये, पोपच्या अधिकाराचा निष्ठेने कैवार घेतानाच, मानाचा पहिला प्याला आपण सदसद्विवेकाच्या नावाने उचलू आणि पोपच्या नावाने त्यानंतर, असे त्यांनी लिहून ठेवले. अशा माणसाला चर्चने २०१९ साली संतपद दिले आहे.

म्हणून कॅथलिक शाळांच्या चालकांपुढे माझी एक साधी सूचना आहे. दृढीकरणाची यादी कायम करण्यापूर्वी प्रत्येक मुलाला आईवडील आणि शिक्षक यांच्या गैरहजेरीत एकदा विचारावे, आणि ते "अजून नाही" म्हणाले तर त्याच्या प्रगतिपुस्तकावर, त्याच्या घरच्यांच्या प्रतिष्ठेवर किंवा शाळेतील त्याच्या स्थानावर त्याची सावली पडू देऊ नये. परक्या मास्तराला जी मोकळीक शाळेने न मागता दिली, ती घरच्या मुलाला नाकारण्याचे कारण मला तरी दिसत नाही.